बाबांना 'किल्ला' म्हणून सांगितलंय, आणि आहे ती फरची वखार: ग्रँड पोर्टेजला जावं का?

वाईकरीण

नमस्कार मंडळी,

गोंधळ नवऱ्याने घातलाय, निस्तरायचा मला आहे. आईबाबा उन्हाळ्यासाठी मिनिआपोलिसला आलेत. जेवताना नवरा बोलून गेला, "बाबा, जुलैत तुम्हाला वरचा एक जुना किल्ला दाखवतो." बाबा वाईचे. पांडवगडाकडे बघत लहानाचे मोठे झालेले, रायगड किती वेळा चढले त्याचा हिशेब वहीत आहे. मागच्या खेपेला फोर्ट स्नेलिंग दाखवला, तर गोल बुरुजाला एक फेरी मारून म्हणाले, "बुरूज ठीक आहे. गड कुठाय?"

आता नकाशा काढून बघितलं तर नवरा म्हणत होता ते ग्रँड पोर्टेज. सुपिरिअर सरोवराच्या काठाने हायवे ६१ वर, मिनेसोटाच्या अगदी टोकाला, पलीकडे कॅनडा. फोटोत लाकडी खुंटांचं कुंपण आणि आत दोन-तीन लाकडी घरं. तटबंदी नाही, दगड नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथे बीव्हरच्या (नद्यांवर बांध घालणारा केसाळ प्राणी) कातड्यांचा व्यापार चालायचा म्हणे.

तर प्रश्न असे. एका बाजूने पाच-साडेपाच तास गाडी हाकण्याइतकं तिथे आहे का? सीमेपलीकडे थंडर बेला फोर्ट विल्यम म्हणून मोठी वखार उभी केली आहे म्हणतात, तीही जोडून करावी का? बाबांचे गुडघे बेताचे. आणि आई माळकरी आहे. घरात चामड्याची पर्स आली तरी तिची कुरकुर असते. तिथे कातडी टांगलेली बघून ती गाडीतच बसून राहील अशी भीती आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

डुलुथचा_वारा

ताई, नऊ वर्षं डुलुथमध्ये काढली आहेत, पाहुणे आले की त्या रस्त्याने वर्षातून दोनदा तरी जाणं होतं. जा. पण बाबांना किल्ला म्हणून नेऊ नका. वखार म्हणून न्या. 'फोर्ट' ही तिकडची बोलायची रीत आहे. कुंपण घातलं, दाराला अडसर लावला की झाला फोर्ट. लढाईसाठी बांधलेली जागा नाही ती. माल चोरीला जाऊ नये आणि हिशेब पुरा लागावा, यासाठीची आहे.

जागेचं मर्म असं आहे. पिजन नदी सुपिरिअरला मिळते तिथे शेवटच्या टप्प्यात मोठमोठे धबधबे आहेत. त्यातला हाय फॉल्स १२० फुटांचा. होडी त्यावरून जाणार कशी? म्हणून सरोवरापासून धबधब्यांच्या वरपर्यंत साडेआठ मैल सगळा माल पाठीवरून न्यायचा. ती वाट इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची, फार जुनी. त्यांच्या भाषेत त्या जागेला गिची ओनिगामिंग म्हणतात, म्हणजे मोठं ओझं वाहून न्यायची जागा. फ्रेंचांनी त्याचंच ग्रँड पोर्टेज केलं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फरचा व्यापार करणाऱ्या, मॉन्ट्रिअलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीने इथे मुख्य ठाणं केलं. मॉन्ट्रिअलहून छत्तीस-छत्तीस फुटी भूर्जाच्या होड्या माल घेऊन यायच्या: कापड, भांडी, बंदुका, मणी, दारू. आणि आत, पार वायव्येकडे हिवाळा काढलेली माणसं फर घेऊन उतरायची. दोघांची गाठ जुलैत इथे पडायची. वर्षभर शांत पडलेल्या किनाऱ्यावर दोन-चार आठवडे जत्रा. मॉन्ट्रिअलच्या होडीवाल्यांना आतली माणसं चिडवायची 'डुकराची चरबी खाणारे', कारण हे घरी परतणार आणि आपण बर्फात मुरलेलो, हा तोरा. आमच्या गावात मुंबईला एक पावसाळा काढून आलेला पोरगा असाच चालायचा.

ओझ्याचं सांगतो. गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे आपले एक्केचाळीस किलो. माणूस एका वेळी दोन न्यायचा, कपाळावरून चामड्याचा पट्टा घेऊन, नेपाळी भारवाहक नेतात तसं. तिथे एक गठ्ठा उचलून बघायला ठेवलेला असतो. मी सह्याद्रीत पंधरा वर्षं सॅक वाहिलेला माणूस, पट्टा कपाळाला लावला आणि चार पावलांत मान म्हणाली, पुरे. अलेक्झांडर मॅकेन्झी या कंपनीच्या भागीदाराने लिहून ठेवलंय की प्रत्येकाच्या वाट्याला आठ गठ्ठे असायचे, आणि काही गडी दोन गठ्ठे घेऊन जायचे व दुसरे दोन घेऊन परत यायचे, सहा तासांत. जाऊन-येऊन सतरा मैल! मी ती वाट एकदा रिकाम्या हाताने चाललोय. चिखल, मुळं, मध्ये बीव्हरनेच केलेली दलदल, आणि डास असे की तोंड उघडायची सोय नाही. पलीकडच्या टोकाला फोर्ट शार्लट होता, तिथे आज झाडीत थोडे खळगे दिसतात, बस्स. बाबांना त्या वाटेवर नेऊ नका, सुरुवातीची शंभर पावलं चालवा.

गुडघ्यांची काळजी नको, वखारीचं आवार सपाट आहे. भागीदारांच्या जेवणाचं मोठं दालन, मागे मुदपाकखाना, कुंपणाबाहेर होड्यांची कोठी, ओजिब्वे वस्तीतल्या सालीच्या झोपड्या. त्या काळचे कपडे घातलेली माणसं कामं करत असतात आणि विचारलं तर थांबून सांगतात. तिकीट नाही. आवार मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं, संग्रहालय मात्र वर्षभर. हाय फॉल्सची वाट अर्ध्या मैलाची आहे, ती जमेल. मध्ये स्प्लिट रॉकचा दीपगृह-कडा आहेच.

जुलै असला तरी स्वेटर घ्या. काठावर सरोवराचा वारा लागला की आमच्याकडे आलेला प्रत्येक नातेवाईक माझ्याकडेच रागाने बघतो.

पावकिलो

माझं मत वेगळं आहे. फार अपेक्षा ठेवू नका, कारण मूळचं तिथे काहीही उरलेलं नाही. कंपनी १८०३ मध्ये बाडबिस्तरा आवरून गेली आणि लाकूड कुजून गेलं. आज दिसतं ते कुंपण १९३० च्या दशकात उत्खनन करून नव्याने उभं केलेलं. दालन तर त्यानंतरही १९६९ साली वीज पडून जळालं आणि पुन्हा बांधलं. म्हणजे प्रतिकृतीची प्रतिकृती. मी तासाभरात बाहेर पडलो आणि ग्रँड मरेला जाऊन पिझ्झा खाल्ला. पिझ्झा चांगला होता.

डुलुथचा_वारा

पावकिलो, तासाभरात वखार बघून होते, पण माणसांशी बोलायला तासभर पुरत नाही. तिथली ओजिब्वे माणसं स्वतःच्याच अंगणात उभी राहून सांगत असतात. ही जागा राष्ट्रीय स्मारक व्हावी म्हणून जमीन ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे समाजाने दिली, आणि १९९९ पासून राष्ट्रीय उद्यान सेवेबरोबर ते या जागेचा कारभारही बघतात. तिथल्या कुंपणाचं लाकूड नवं आहे, मान्य. पंढरपूरच्या वाटेवरच्या धर्मशाळेची कौलं नवी आहेत म्हणून कोणी वारी खोटी म्हणत नाही.

दप्तरदार

'वखार' हा शब्द अगदी नेमका आहे. आपल्याकडे सुरतेची इंग्रजांची वखार, राजापूरची वखार असं म्हणतो, त्याला इंग्रजीत तेव्हा 'फॅक्टरी' म्हणत. तिथे कारखाना नव्हता, फॅक्टर म्हणजे कंपनीचा गुमास्ता राहायचा. कॅनडातही फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या एका मोठ्या ठाण्याचं नाव यॉर्क फॅक्टरी असंच आहे.

आणि वाईकरांना आवडेल असा एक धागा सांगतो. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये ती त्याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. पुढच्या दोनच वर्षांत, २ मे १६७० ला, त्याच राजाने आपला चुलतभाऊ* प्रिन्स रूपर्ट आणि मंडळींना हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख सनदेने दिला. तीच हडसन बे कंपनी. तिथलं भाडं काय? राजा स्वतः त्या मुलखात येईल तेव्हा दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर. मुंबईला निदान दहा पौंड मिळाले म्हणायचे. दोन्ही ठिकाणी ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

फरक असा की आपल्याकडच्या वखारवाल्यांना जाब विचारणारं कोणी होतं. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा-दारूगोळ्याची मदत केली म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं.

ग्रँड पोर्टेजची कंपनी मात्र हडसन बेवाली नव्हे, तिची कट्टर स्पर्धक. दोघांची इतकी जुंपली की शेवटी १८२१ मध्ये एकत्र यावं लागलं. नाव उरलं हडसन बेचं. त्या नावाची दुकानं चालत चालत २०२५ च्या जूनपर्यंत आली आणि मग बंद झाली.

*मावस, चुलत की आते यावरून इथे वाद होण्याआधीच सांगतो: रूपर्टची आई ही चार्ल्सच्या बापाची सख्खी बहीण, म्हणजे आतेभाऊ. वर चुकलो, तसंच राहू देतो.

मावळतीकडे

दोन गोष्टी कामाच्या. एक, फोर्ट विल्यम खरंच मोठा आहे, चाळीसहून जास्त इमारती, १८१६ च्या सुमाराचं सगळं वातावरण. मूळ जागेवर रेल्वेचं यार्ड झालं म्हणून नदीच्या वरच्या अंगाला १९७० च्या दशकात नव्याने बांधला. पण आईबाबांकडे कॅनडाचा वेगळा व्हिसा नसेल तर विषयच संपला, अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही. दोन, ग्रँड पोर्टेजला मोबाइल अधूनमधून कॅनडाचा टॉवर पकडतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं. रोमिंग बंद ठेवा. शाकाहारी असाल तर डबा घरून.

आईंच्या प्रश्नाबद्दल: होय, कातडी असतात. बीव्हर, कोल्हे, ऊद. हात लावून बघा म्हणतात. लपवता येणार नाही.

वाईकरीण

सगळ्यांचे आभार. कॅनडाचा व्हिसा नाही, म्हणजे फोर्ट विल्यम बाद. आणि 'वखार' या शब्दाबद्दल डुलुथकरांना साष्टांग नमस्कार! माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबा एकतीस वर्षं वखार महामंडळात होते हो. भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. काल रात्री त्यांना म्हटलं, "बाबा, किल्ला नाहीये, वखार आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची." चष्मा वर करून विचारलं, "कुठल्या मालाची?"

निघतोय शनिवारी.

वाईकरीण

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, पण लिहायचं कबूल केलं होतं.

दशम्या, शेंगादाण्याची चटणी आणि गुळांबा घेऊन पहाटे पाचला निघालो. डुलुथ ओलांडल्यावर उजव्या हाताला सरोवर सुरू झालं ते संपेचना. आई दर दहा मिनिटांनी "अजून तेच का?" विचारत होती. स्प्लिट रॉकला चहा घेतला. अकराच्या सुमारास पोचलो. वारा होता. आईने कानटोपी काढली आणि नवऱ्याकडे बघितलं. (डुलुथचा_वारा, तुमच्या नातेवाइकांना माझी सहानुभूती.)

फाटकातून आत शिरल्यावर बाबांनी आधी काय बघितलं असेल? जमीन. कोठीची जोती किती उंच आहेत, फळ्यांना खालून हवा लागते का, पाणी कुठे उतरतं. मग माझ्याकडे वळून: "सरोवराच्या इतक्या जवळ म्हणजे ओल फार. सांभाळायला अवघड माल."

कोठीत त्या काळच्या वेषातला एक तरुण होता, ओजिब्वे समाजातलाच. त्याने बाबांना फरचा गठ्ठा दाखवला. एका गठ्ठ्यात पन्नास-साठ बीव्हरची कातडी, दाबून बांधलेली, वर खुणा. बाबांनी मला दुभाषी केलं आणि प्रश्न सुरू केले. किडा लागत नाही का? तर लागायचा, म्हणून उन्हाळ्यात कातडी बाहेर काढून झोडपायची, हवा द्यायची आणि पुन्हा बांधायची. बाबा खूश. "आमच्याकडे धुरी द्यायचो. हे बरं." सगळे गठ्ठे ९० पौंडांचेच का? तर होडी समतोल राहावी, माणसाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून. यावर बाबांनी शंभर किलोची पोती उचलणाऱ्या हमालांबद्दल, तोलाईबद्दल आणि थप्पी कशी लावतात त्याबद्दल एवढं सांगितलं की मी अर्धंच भाषांतर केलं. त्या मुलाने मात्र थप्पीचं चित्र बाबांकडून कागदावर काढून घेतलं.

बीव्हरचं कातडं युरोपात कोट करायला जायचं असं मला वाटत होतं. तसं नाही. वरचे राठ केस काढून टाकायचे आणि खालची मऊ लव घ्यायची. त्या लवेला बारीक काटे असतात, त्यामुळे ती एकमेकींत गच्च अडकते आणि तिचा नमदा होतो. त्या नमद्याच्या टोप्या. नदीतल्या जनावराने सगळा खंड उलथापालथा केला तो लंडन-पॅरिसच्या पुरुषांच्या डोक्यासाठी. लव आवळायला पारा वापरायचे, त्याच्या वाफेने टोप्या करणारे कारागीर भ्रमिष्ट व्हायचे. पुढे रेशमी टोप्यांची टूम आली आणि बीव्हरची मागणी बसली. बाबांची प्रतिक्रिया: "गिऱ्हाइकाची आवड फिरली की वखार रिकामी. कापसाचं बघितलंय."

पण त्यांना सगळ्यात पटलं ते वखार हलवायचं कारण. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर सीमा पिजन नदीवर आली आणि वखार राहिली अमेरिकेच्या बाजूला. आता हे जकात बसवणार, या धास्तीने कंपनीने १८०३ मध्ये सगळं उचलून पन्नासेक मैलांवर, पलीकडे कामिनिस्टिक्विया नदीवर नेलं. तेच पुढे फोर्ट विल्यम. "जकात!" बाबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडचं एक कुटुंब दचकलं. "मग हलवताना साठा मोजून दिला-घेतला असेल. तूट किती धरली?" त्या मुलाला 'तूट' समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. त्याच्याकडे आकडा नव्हता, पण विचारून ठेवतो म्हणाला, आणि खरंच वहीत लिहून घेतलं.

आता आईचं. कातड्यांपाशी ती थांबली नाही, सरळ पुढे गेली. मुदपाकखान्यात पाव भाजत होते, तिथेही नाही. मला वाटलं गाडीकडे गेली. शोधत गेले तर ओजिब्वे वस्तीत एका बाईंशेजारी बाकावर बसलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्या बाई स्प्रूसची मुळं सोलून दाखवत होत्या, यानेच होडीची साल शिवतात. मी भाषांतराला बसले तेव्हा कळलं की होड्या शिवणं, डिंक लावणं, बर्फावर चालायच्या जाळीदार चपला विणणं, हिवाळ्याचं धान्य, सगळं बायकांकडे होतं. त्यांच्याशिवाय कंपनीचा एकही माणूस वसंतापर्यंत टिकला नसता. कितीतरी व्यापाऱ्यांनी इथल्याच मुलींशी घर केलं, पण भागीदारांच्या दालनात जेवायच्या टेबलाशी त्यांची पानं मांडलेली मला दिसली नाहीत.

मग त्यांनी मनोमिन दाखवला, तळ्यात आपोआप उगवणारा तांदूळ. होडीतून जायचं, एका काठीने देठं वाकवायची, दुसरीने हलकेच झोडायची. होडीत पडेल ते आपलं, पाण्यात पडेल ते पुढच्या वर्षीचं. आईने विचारलं, "नांगर नाही लावत?" नाही म्हणाल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, म्हणजे देवभातच की. ऋषीपंचमीला चालेल!" दुकानातून एक पिशवी घेतली, आणि परतीच्या वाटेवर ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

बाबांनी अभिप्रायाच्या वहीत मराठीतच लिहिलं: साठवणूक उत्तम, आवार स्वच्छ. खाली सही आणि 'भांडारपाल (निवृत्त)'. पुढच्या वर्षी कॅनडाचा व्हिसा काढायचा हुकूम झालाय, माल पोचला की नाही ते बघायला.

पावकिलो, आम्ही साडेचार तास होतो. पिझ्झ्याबद्दल तुमचं बरोबर आहे.

आता एक शंका. ऋषीपंचमी जवळ आली आहे, त्या मनोमिनला कुकरमध्ये शिट्ट्या किती द्यायच्या?

डुलुथचा_वारा

कुकर लावूच नका, पीठ होईल. पिशवी उघडून रंग बघा आधी. मळकट तपकिरी, कमी-जास्त छटांचा असेल तर तो तळ्यातला, हाताने झोडलेला. उघड्या पातेल्यात पंचवीस-तीस मिनिटं पुरतात, दाणा फुटायला लागला की उतरवा. काळा कुळकुळीत, चकाकता असेल तर तो बांध घालून पिकवलेला, यंत्राने कापलेला, त्याला तासभर लागतो. आणि मग काकूंना सांगा, तो ऋषीपंचमीला चालणार नाही.

वाईकरीण

तपकिरी आहे. आई पिशवी खिडकीशी धरून एकेक दाणा बघतेय.